पाणी कुठे मुरते?

मराठी माणसाला संशय बोलून दाखवायचा झाला की तो पाण्याची भाषा वापरतो. संस्थेचा हिशेब जुळेनासा झाला, ठरलेली सोयरीक एकाएकी मोडली, दोन भावांचे बोलणे कारणावाचून बंद पडले, की आपण मान हलवून म्हणतो, ‘यात कुठेतरी पाणी मुरते आहे.’ हा वाक्प्रचार कौलारू घरांच्या मुलखात जन्मला असावा असे आम्हांला वाटते. ज्यांनी आपल्या हातांनी कौले चाळली आहेत त्यांना हे ठाऊक असते की, फुटके कौल आढ्याजवळ असते, पाणी वाशावरून ओघळत चार हात खाली येते, वाशाच्या गाठीशी अडते आणि तिथून थेंब थेंब गळू लागते. गळणाऱ्या थेंबाच्या बरोबर वरचे कौल बदलणारा मनुष्य पुढल्या पावसात पुन्हा शिडी शोधतो.

मुळशी तालुक्यात या अनुभवाची वाण नाही. पुणे शहरात वर्षभरात सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या तालुक्याच्या पश्चिम कडेवरील ताम्हिणी घाटात जुलै २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात एकाच दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. आषाढ लागला की इथे आभाळ आणि डोंगर यांच्यामधली रेघ पुसली जाते. भिंतींना ओल येते, वह्यांची पाने फुगतात, मिस्सेची वस्त्रे कपाटात ठेवूनही दमट लागतात. अशा मुलखात जुनी मोटार बाळगणे म्हणजे चाके लावलेले एक कौलारू घर बाळगण्यासारखेच आहे.

आमच्या धर्मग्रामाची मोटार १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी ती केवळ जुन्या चित्रपटांत पाहिली असेल, म्हणून तिच्या कुळाविषयी थोडे सांगणे योग्य होईल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३ मध्ये जी नवी ‘११००’ बाजारात आणली, तिचीच पुढची आवृत्ती मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९७० नंतरच्या दशकात चितोडच्या राणीच्या नावाने ती ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला गिअर आणि पुढच्या दारांना ती तिकोनी, फिरणारी छोटी काच. तीन पिढ्यांनी तिला ‘फियाट’च म्हटले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप तिचेच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले. खेड्यापाड्यांत मात्र काही पद्मिनी अजून कामावर आहेत, आणि त्यांच्यावर लेख लिहिण्यापेक्षा त्यांचे रबर बदलणे अधिक गरजेचे आहे.

या मोटारीच्या रचनेतील एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जीप किंवा ट्रक यांच्याप्रमाणे हिला खाली वेगळा सांगाडा नाही. टप, खांब, दारांखालच्या पोकळ पेट्या आणि पायाखालचा पत्रा हे सर्व एकमेकांना जोडून जे कवच तयार होते, तेच तिचे हाड आणि तेच तिचे कातडे. म्हणून पायाखालचा पत्रा गंजला तर केवळ बूट ओले होत नाहीत. मोटारीचे बळच कमी होते. पत्र्याला गंज लागण्यासाठी पाणी आणि हवा दोन्ही हवीत. गालिच्याखालचा नमदा एकदा भिजला की तो पाणी धरून ठेवतो आणि हवाही अडवत नाही. बाहेर ऊन पडले तरी आत महिना महिना ओल राहते, आणि पत्रा वरून रंगवलेला दिसत असताना खालून खपल्या धरू लागतो.

ही मोटार धर्मग्रामात कशासाठी लागते हेही सांगितले पाहिजे. आमची बहुतेक कुटुंबे नगर जिल्ह्यातून आणि मराठवाड्यातून पिरंगुट परिसरातील कारखान्यांत कामासाठी आलेली आहेत. काही वाड्यावस्त्यांत विखुरलेली आहेत. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणे, अभ्यंगविधीसाठी अपरात्री जाणे, कुणाला दवाखान्यात पोहोचवणे, ही सर्व कामे तिने केली आहेत. गेल्या काही वर्षांत तिच्यावर आणखी एक काम आले. पौडच्या पलीकडे राहणाऱ्या एका आजींना मधुमेह आहे. त्यांच्या उजव्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. दर सोमवारी पुण्याला जाऊन पट्टी बदलून घ्यावी लागे. मुलगा पाळीच्या कामावर, सून घरकामाला, एस.टी.ची पायरी आजींना चढवत नव्हती. तेव्हा पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक असा सोमवारचा फेरा आमच्याकडे आला. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती : पाय कोरडा राहिला पाहिजे. जखमेला ओल लागली, जंतू शिरले, तर प्रथम बोटे आणि मग कदाचित पाऊल गमवावे लागेल.

आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मोटारीच्या मागच्या बैठकीसमोर, डाव्या बाजूला, आजी जिथे पाय ठेवत नेमक्या तिथे, दोन बोटे पाणी साचले.

तो सोमवार पायाखाली पाट आणि पाटावर पाय ठेवून निभावला. आजींनी प्लॅस्टिकची पिशवी पावलावर बांधून घेतली होती. त्या म्हणाल्या, “फादर, एवढं काय मनावर घेता? शेतात चिखलातच जन्म गेला.” चिखलात जन्म गेला तेव्हा पायाला जखम नव्हती, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती, त्या आम्हांलाच धीर देत होत्या. पुढचा सोमवार सात दिवसांवर होता आणि वेधशाळा आणखी पावसाचा इशारा देत होती.

धर्मग्रामाच्या अर्थसमितीत या मोटारीविषयी दोन मते फार दिवसांपासून आहेत. एक पक्ष म्हणतो, ती भंगारात द्यावी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतन करून घ्यावी लागते, तपासणीला उभे राहावे लागते, आणि २०२२ पासून त्याचे शुल्कही बरेच वाढले आहे. पायाखालचा पत्रा कुजलेली मोटार त्या तपासणीत टिकणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, चालते आहे तोवर चालवावी. या दुसऱ्या पक्षाला पोप फ्रान्सिस यांचा आधार सापडला आहे. नवीनतम मोटारीत बसलेला धर्मगुरू किंवा धर्मभगिनी पाहून आपल्याला वेदना होतात, अशा आशयाचे उद्गार त्यांनी जुलै २०१३ मध्ये काढले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात उत्तर इटलीतील फादर रेन्झो झोक्का यांनी आपली १९८४ सालची पांढरी रेनो-४ त्यांना भेट दिली. तीन लाख किलोमीटर चाललेली, गरीब वस्त्यांत धर्मगुरूसोबत राबलेली ती मोटार पोप महोदयांनी आनंदाने स्वीकारली. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस निवर्तले. त्यांच्या आठवणींत ती छोटी मोटारही राहिली आहे. परंतु आमच्या समितीतील एका व्यवहारी सभासदांनी विचारले, “फादर, त्या गाडीत पाणी शिरत होतं का?” या प्रश्नाचे उत्तर मोटारीखाली वाकूनच द्यायचे होते.

पौड रस्त्यालगत एक वयस्क मिस्त्री पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवतात. तरुणपणी त्यांनी मुंबईत टॅक्सींची कामे केलेली. त्यांना बोलावले. त्यांनी मोटारीला हात लावण्यापूर्वी अर्धा तास प्रश्नच विचारले. “पाणी कुठून येतं ते नंतर बघू, फादर. आधी कधी येतं ते सांगा. गाडी उभी असताना, की पळताना? उभी होती तेव्हा तोंड चढाला होतं की उताराला? पाणी पावसाचंच आहे ना?”

शेवटचा प्रश्न आम्हांला विचित्र वाटला. त्यांनी समजावले : ज्या जुन्या मोटारींत हीटर असतो त्यांत इंजिनाचे गरम पाणी नळ्यांतून आतवर येते. ती नळी फुटली तरी पायाखाली ओल येते आणि लोक छप्पर तपासत बसतात. ते पाणी बोटांना बुळबुळीत लागते, रंगीत असते, काचेवर त्याची चिकट वाफ धरते. ते विषारीही असते, म्हणून जिभेला लावून पाहू नये. पेडलांजवळची ओल ब्रेकच्या तेलाचीही असू शकते, आणि ती अधिक धोक्याची. आमच्या मोटारीत हीटर नाही. पाणी स्वच्छ होते, त्याला मातीचा वास होता. ते पावसाचेच होते.

उरलेल्या प्रश्नांचे उत्तर असे होते : उभी असतानाही येते आणि पळतानाही येते. मिस्त्री म्हणाले, “मग एक नाही, दोन जागा असणार. जास्तच असतील, कमी नाही.”

त्यांनी सर्वप्रथम बैठका काढल्या, गालिचा काढला, नमदा काढला. नमदा पिळला तेव्हा बादलीचा तळ झाकला गेला. मग पत्रा पुसून कोरडा केला आणि सर्वत्र जुनी वर्तमानपत्रे अंथरली. आमच्या आवारात मोटार चर्चच्या दिशेने तोंड करून उभी असते, आणि ती जागा चढाची आहे. मिस्त्रींनी मोटार फिरवून तोंड उताराकडे करून ठेवायला सांगितले. रात्रभर पाऊस झाला. सकाळी पाहिले तर मागची वर्तमानपत्रे जवळजवळ कोरडी आणि पुढच्या डाव्या बाजूची भिजून लगदा झालेली! आजींच्या पायाशी साचणारे पाणी तिथे शिरतच नव्हते. ते पुढे कुठेतरी येत होते आणि उतार मिळाला म्हणून मागे जात होते. मागच्या दाराचे रबर बदलले असते तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत झाली असती.

त्यानंतर बागेची रबरी नळी आणली. धर्मशिक्षणाच्या वर्गातील आठवीच्या एका मुलाला बॅटरी देऊन आत बसवले. मिस्त्रींचा नियम असा की, पाणी खालून वर मारत जायचे, नळीचा जोर कमी ठेवायचा आणि एका जागी निदान पाच मिनिटे थांबायचे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत खालच्या सगळ्या फटींवरून जाते. आत थेंब दिसला तरी तो कोणत्या फटीतला हे कळत नाही. खालून चढत गेले म्हणजे जी जागा निर्दोष ठरली ती मागे टाकता येते. जोराने मारलेले पाणी तर निर्दोष रबरालाही उचलून आत घुसते आणि नसलेला दोष दाखवते. आमचे सेमिनरीतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कारणमीमांसा शिकवताना एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा आग्रह धरीत. मिस्त्रींनी त्यांचे व्याख्यान ऐकलेले नव्हते.

पहिली पाच मिनिटे चाकांच्या कमानीत आणि तळाला पाणी मारले. आतून मुलगा ओरडला, “फादर, आलं!” मागच्या डाव्या पायाखाली रुपयाएवढे एक भोक होते. कारखान्यात कवच रंगवताना रंग निथळावा म्हणून तळाला अशी भोके ठेवतात आणि नंतर त्यांत रबरी बूच बसवतात. त्यातले एक बूच कधीतरी गळून पडले होते. रस्त्यावरचे पाणी चाक उडवी आणि ते इथून आत येई. पळताना येणारे पाणी ते हेच.

नंतर दारे. मिस्त्रींनी वर्गातला खडू मागून घेतला, दाराच्या रबरावर घासला, दार बंद करून उघडले. जिथे रबर नीट दाबले जाते तिथे पत्र्यावर खडूची रेघ उमटली. जिथे दाबले जात नाही तिथे पत्रा कोरा राहिला. कागदाची पट्टी दारात धरून ओढण्याची युक्तीही त्यांनी मुलाला दाखवली : पट्टी अडली तर रबर ठीक, सहज निसटली तर तिथे फट. दारांची रबरे बरीचशी ठीक निघाली. तरीही दाराच्या काचेवर पाणी धरल्यावर काही वेळाने दाराच्या आतल्या पुठ्ठ्याखालून पाणी पाझरू लागले.

येथे मिस्त्रींनी आम्हांला जी गोष्ट सांगितली ती या लेखाचे खरे कारण आहे. ते म्हणाले, “दारात पाणी जाणारच, फादर. ते जायलाच पाहिजे.” काच वरखाली होते, म्हणून तिच्याभोवती फट असते, त्या फटीतून पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते. मोटार बनवणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणून तो दाराच्या तळाला छिद्रे ठेवतो. पाणी वरून आत येते, खालून निघून जाते, आणि बसणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पुठ्ठ्यामागे तो एक जाड कागद किंवा प्लॅस्टिक लावतो. त्याची खालची कड दाराच्या पोकळीत खोवलेली असते, म्हणजे उडालेला थेंबही आत न येता पोकळीतच परत जातो.

आमच्या मोटारीच्या दारांत ते प्लॅस्टिक नव्हतेच. आणि तळाची छिद्रे? ही मोटार आमच्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी तिची गळती थांबवण्याचा प्रयत्न केला होता. त्या कारागिराने जिथे फट दिसली तिथे काळे सीलंट थापले होते. आणि दारांच्या तळाची छिद्रेही गळतीची भोके समजून लिंपून टाकली होती. हेतू चांगला होता. परिणाम असा की, दार म्हणजे एक उभी घागर झाली. ती भरे आणि मग आतल्या कडेवरून सांडे. मिस्त्रींनी सायकलच्या चाकाचा आरा वाकवून एकेक छिद्र मोकळे केले. डाव्या मागच्या दारातून तांबडे पाणी, कुजलेली पाने आणि चिखल असे तांब्याभर तरी बाहेर आले.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर नोहाला तारवाला आतून आणि बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा देतो, हे वाचकांना आठवत असेल. तारवाला तेच योग्य होते. ते पाण्यावर तरंगायचे होते. परंतु मोटार म्हणजे तारू नव्हे. मोठमोठी दगडी धरणेदेखील पाण्याचा संपूर्ण मज्जाव करीत नाहीत. आमच्या तालुक्याला मुळशीचे धरण जवळचे आहे. १९२१ ते १९२४ च्या सत्याग्रहात सेनापती बापट आणि इथले मावळे शेतकरी ज्याच्याविरुद्ध उभे राहिले, आणि ज्याचे पाणी १९२७ पासून खाली कोकणात भिरा येथे वीज निर्माण करीत आहे, ते हे धरण. अशा भिंतींच्या शास्त्रात अभियंते धरून चालतात की थोडे पाणी झिरपणारच. ते मोजतात, त्याला वाट काढून देतात. कारण कोंडलेले पाणी भिंतीला खालून उचलू पाहते. न झिरपणारी भिंत कोणी बांधत नाही. झिरपलेले निघून जाईल अशी भिंत बांधतात.

दारे झाली, तरी उभ्या मोटारीतले मुख्य पाणी सापडले नव्हते. नळी समोरच्या काचेशी आली. खालच्या कडेवर पाच मिनिटे झाली, काही नाही. डाव्या कडेवर पाच मिनिटे, काही नाही. वरच्या डाव्या कोपऱ्याशी नळी धरली, आणि मिस्त्रींनी पावडरचा डबा मागितला. डॅशबोर्डच्या पत्र्यामागे, वायरींच्या जुडग्यावर आणि खालच्या पत्र्यावर त्यांनी हाताने पावडर उडवली. थोड्याच वेळात त्या पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटत गेली. चाळीस वर्षांच्या उन्हाने काचेभोवतीचे रबर कडक होऊन आखडले होते आणि वरच्या कोपऱ्यात सुटले होते. तिथून शिरलेले पाणी रबराच्या खोबणीतून खाली उतरे, डॅशबोर्डच्या मागे येई, वायरींचे जुडगे धरून सरके आणि ते जुडगे जिथे सर्वांत खाली वाकले होते तिथून टपके. टपकलेले पाणी नमद्याखालून, चढाला तोंड केलेल्या मोटारीत, मागे जाई आणि आजींच्या पायाशी साचे. वरच्या कोपऱ्यापासून त्या डबक्यापर्यंतचे अंतर एका पुरुषाच्या उंचीहून अधिक भरले.

दुरुस्ती त्यामानाने सरळ होती. पुण्याच्या नाना पेठेत, जिथे मोटारींच्या सुट्या भागांची जुनी दुकाने आहेत, काचेचे नवे रबर मिळाले. जुने रबर पात्याने कापून काच उतरवली. तिच्या बसण्याच्या कडेवर गंजाच्या खपल्या होत्या. त्या घासून तिथे रेड ऑक्साइड लावले आणि वाळू दिले, कारण गंजावर बसवलेले नवे रबर फार टिकत नाही. मग नवे रबर काचेला चढवले, रबराच्या खोबणीत सुतळी फिरवून तिची दोन टोके आत सोडली, कडेला साबणाचे पाणी लावले. बाहेरून दोघांनी तळहातांनी काच दाबून धरली आणि आतून मिस्त्रींनी सुतळी हळूहळू ओढली. जसजशी सुतळी सुटत गेली तसतसे रबराचे ओठ पत्र्याच्या कडेवर चढत गेले. पायाखालचा जेवढा पत्रा कुजला होता तेवढा कापून डेंटरने नवा पत्रा जोडला. बूच बसवले. दारांत जाड प्लॅस्टिक लावले, त्याची खालची कड पोकळीत खोवली. नमदा नवा घेतला, परंतु पावसाळा संपेपर्यंत तो अंथरायचा नाही असे मिस्त्रींनी बजावले. “पत्रा उघडा राहू द्या. पाणी आलं तर लगेच दिसेल. झाकलंत की वर्षाने कळेल.”

रविवारी सायंकाळी काम संपले. सोमवारी सकाळी मोठा पाऊस होता. पिरंगुटच्या अलीकडे रस्त्यावरून पाणी वाहत होते. आजी मागच्या बैठकीवर, पाय उघड्या पत्र्यावर ठेवलेल्या पाटावर. चांदणी चौकात त्यांनी वाकून पाटाखाली हात फिरवला आणि तो हात पुढे करून आम्हांला दाखवला. कोरडा होता.

धर्मगुरूच्या सेवेत पंचवीसेक वर्षे काढल्यावर मनुष्य अशा गोष्टींत केवळ मोटारच पाहू शकत नाही. एका पूर्वीच्या धर्मग्रामात एक गृहस्थ होते. चर्चच्या घंटेच्या वेळेवरून ते दर महिन्याला भांडण काढीत. घंटा पाच मिनिटे पुढे घेतली, मागे घेतली, भांडण थांबेना. बऱ्याच भेटींनंतर एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो असता ते आपणहून बोलले : त्यांची आई गेली तेव्हा मुसळधार पाऊस होता, आणि अंत्ययात्रेला घंटा वाजली तरी शेजारपाजारचे कोणीही आले नव्हते. त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली होती. पाणी शिरले होते तिथे आणि टपकत होते इथे. आपण घरातील तरुणाच्या रागावर, सुनेच्या अबोल्यावर, म्हाताऱ्याच्या कुरकुरीवर डबक्याच्या जागीच उपाय करतो. खालून वर चढत जाणे, एका जागी पाच मिनिटे थांबणे, हे कंटाळवाणे असते.

आणि छिद्रे बुजवण्याची हौस तर ख्रिस्ती घरांतही पुष्कळ आहे. दुःखात रडू नये, कुरकुर करू नये, देवाला प्रश्न विचारू नये, असे आपण सांत्वनाला गेलो की सांगून येतो. स्तोत्रसंहितेत मात्र विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत, आणि ख्रिस्तसभेने ती काढून टाकलेली नाहीत. धर्मगुरू आणि व्रतस्थ आपल्या दैनंदिन प्रार्थनेत ती आजही म्हणतात. मनुष्याच्या मनाला काचेएवढी फट असणारच, तिच्यातून पाऊस आत उतरणारच. तळाची वाट मोकळी असली म्हणजे पुरे.

आजींची जखम त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास भरली. पाऊल राहिले. ते मोटारीमुळे राहिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. डॉक्टर होते, औषधे होती, आजींचा पथ्यावरचा निर्धार होता. सोमवारचे फेरे त्या आषाढात आणि श्रावणात एकही चुकले नाहीत, एवढे खरे. समितीतील दोन मते कायम आहेत. नोंदणीचा प्रश्न पुन्हा येईल तेव्हा पुन्हा चर्चा होईल.

ज्यांच्या घरी जुनी मोटार आहे त्यांच्यासाठी शेवटी दोन शब्द. मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, दारांच्या तळाची छिद्रे आऱ्याने मोकळी करावीत. आमच्याकडे हे काम आता आठवीतून नववीत गेलेला तो मुलगा करतो. पायाखालचा गालिचा वर्षातून एकदा तरी उचलून पाहावा. काचेच्या रबरावर तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने ते लवकर सडते. आणि गळती दिसली की सीलंटची नळी विकत घेण्यापूर्वी एक रात्र मोटारीचे तोंड फिरवून ठेवावे.

एक गळती मात्र अजून आहे. पुढच्या दाराच्या तिकोनी काचेचे रबर नाना पेठेतही मिळाले नाही. जोराच्या पावसात तिथून चार थेंब येतात. मिस्त्रींनी त्यावर काहीही थापायला नकार दिला. जागा कळली आहे, पाणी किती येते ते कळले आहे. रबर मिळेपर्यंत खाली एक फडके ठेवा, म्हणाले. ते फडके आम्ही प्रत्येक पावसानंतर पिळतो आणि पुन्हा तिथेच ठेवतो.